आधी किल्ली, मग नाव

सुखदेव गजभिये फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी दुपारी, पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या स्वतःच्या हॉटेलला लागलेल्या आगीत गेले. ते साठीचे होते. आग लागली तेव्हा ते इमारतीबाहेर आले होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. नऊ नंबरच्या खोलीतल्या बाईला काढायला ते पुन्हा आत गेले. त्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं.

हे गाव स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या शहराहून गाडीने तासाभरावर, डोंगरांच्या मधल्या पट्टीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन रेल्वेमार्ग मिळत. कापड, औषधं, शिवणयंत्रं विकणारे फिरते विक्रेते आणि कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी रात्रीच्या मुक्कामाला उतरत, म्हणून स्टेशनसमोर ‘जंक्शन हाऊस’ बांधलं गेलं: विटांची तीन मजली इमारत, पुढे लाकडी ओसरी, आत एक जिना. पुढे रेल्वे बंद झाली, रूळ उखडले गेले. हॉटेल राहिलं. गजभियेंनी ते विकत घेतलं तेव्हा तिसरा मजला बंद होता आणि छतातून पाणी गळत होतं.

माझी त्यांची ओळख ग्राहक म्हणून झाली. नवऱ्याला विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं होतं आणि आम्ही नागपूरहून नुकते आलो होतो. अपार्टमेंटचा ताबा मिळायला वेळ होता, फुटबॉलच्या सामन्यामुळे शहरातल्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, “थोडं लांब आहे, पण गजभिये काकांकडे जागा असतेच.”

आम्ही संध्याकाळी पोचलो. काउंटरमागे लोकरी टोपी घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा होता. नवरा पासपोर्ट काढू लागला, तर त्याने हात आडवा केला. मागच्या फळीवरच्या हुकावरून किल्ली काढून काउंटरवर ठेवली आणि इंग्रजीत म्हणाला, “आधी किल्ली. नाव उद्या, नाश्त्याला.”

हा इथला कोणी नोकर असेल असं वाटून मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, “आयडी न बघता खोली? काहीतरी भानगड दिसते.”

“भानगड काहीच नाही जी,” तो माणूस म्हणाला. “जिन्याची तिसरी पायरी ढिली आहे, तेवढी सांभाळा.”

सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी आमची नावं विचारली आणि लिहून घेतली. मी नागपूरच्या एका दैनिकात वार्ताहर होते, हे कळल्यावर ते मला कायम ‘पत्रकारबाई’ म्हणू लागले. माझी नोकरी सुटली होती, व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पुढेही मी स्टेट कॉलेजहून त्यांच्याकडे येत-जात राहिले, आणि दर भेटीत ते विचारत, “काय जी पत्रकारबाई, आज कोणाची बातमी?”

ते मूळचे नागपूरचे. संगणकाच्या कामावर अमेरिकेत आले, बरीच वर्षं जॉर्जियातल्या अल्फारेटात काढली. पन्नाशीनंतर कंपनीने काढलं, तेव्हा तिथलं घर विकून त्यांनी हे हॉटेल घेतलं. अल्फारेटातल्या मित्रांनी वेड्यात काढलं. हायवेवरचं मोटेल घ्या, जुनी इमारत कशाला, असं सगळ्यांनी सांगितलं. पत्नी प्रमिलाकाकूंनीही तेच सांगितलं. काकांनी इमारत एकदाच पाहिली आणि तळमजल्यावरच्या एका खोलीसाठी ती घेतली.

तिला ‘सॅम्पल रूम’ म्हणत. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी टेबल होतं. फिरते विक्रेते पेट्या उघडून त्यावर मालाचे नमुने मांडायचे आणि गावातले दुकानदार तिथे येऊन पसंत करायचे. काका नव्या माणसाला आधी तीच खोली दाखवत. टेबलावर तळहात ठेवून म्हणत, “इथं कापडवाला कापड मांडे. माझा आजाही कापडवालाच होता. त्यानं चिंचेखाली मांडलं.”

आजोबा हातमागावर लुगडी विणत आणि गाठोडं पाठीवर घेऊन आठवडी बाजार करत. दोन बाजारांच्या मध्ये रात्र पडली की धर्मशाळेच्या दारात उभे राहत. तिथला माणूस नाव विचारे, मग गाव विचारे, मग जागा नाही म्हणे. जागा असे. मागून आलेल्याला ती मिळे, आणि आजोबा झाडाखाली लुगड्यांचं गाठोडं उशाला घेऊन झोपत. एकदा पाऊस होता म्हणून त्यांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं. ओसरीवर जागा मिळाली. सकाळी बाजारातल्या ओळखीच्या माणसाने त्यांना खऱ्या नावाने हाक मारली. मग ती ओसरी त्यांच्याकडून धुऊन घेतली आणि गाठोडं चिखलात फेकलं. ही हकीकत काकांनी मला दोन-तीनदा सांगितली. दर वेळी तशीच सांगितली, आणि शेवटी आजोबांचं वाक्य: “नाव सांगितलं, का जागा भरते.”

म्हणून त्यांच्या हॉटेलात उलट पद्धत होती. माणूस आधी झोपे, मग त्याचं नाव विचारलं जाई. सॅम्पल रूमच्या त्याच टेबलावर सगळे नाश्त्याला बसत. एकीकडे पॅनकेक, एकीकडे काकूंचे पोहे. काका कॉफी ओतत ओतत एकेकाला नाव विचारत. ट्रकवाले, गॅसच्या पाइपलाइनवरचे कामगार, हरणांच्या शिकारीला आलेले लोक पोहे बघून थोडे दचकत. काका म्हणत, “खाऊन तर पाहा बापा, चावत नाहीत,” आणि मग त्याचं इंग्रजी करून सांगत. तोवर तो माणूस खाऊ लागलेला असे.

सगळ्यात नियमित गिऱ्हाईक वेगळं होतं. गावापलीकडच्या डोंगरात राज्याचं कारागृह आहे. फिलाडेल्फियाहून कैद्यांच्या आया, बायका, बहिणी व्हॅनने येत. आदल्या संध्याकाळी पोचायचं, सकाळी भेट घ्यायची, तिथूनच परत जायचं, असा तो प्रवास. बहुतेक कृष्णवर्णीय. हायवेवरच्या मोटेलात त्यांना आयडी, क्रेडिट कार्ड आणि कोणाला भेटायला आलात, हे सगळं विचारलं जाई. त्यांच्यातल्या एका वृद्ध बाईने काकांना सांगितलं होतं की तिचे वडील रेल्वेत हमाल होते. याच जंक्शन हाऊसमध्ये ते गोऱ्या प्रवाशांच्या बॅगा खोलीच्या दारापर्यंत नेत, पण त्यांना स्वतःला इथे कधी खोली मिळाली नाही. काकांनी तिला नऊ नंबरची खोली दिली. ती स्वयंपाकघरावर होती, म्हणून सगळ्यात उबदार. त्यानंतर व्हॅनमधून येणाऱ्यांसाठी ते ती खोली राखून ठेवू लागले.

खोल्यांच्या किल्ल्या जुन्याच होत्या. प्रत्येकीला तळहाताएवढा पितळी बिल्ला. खिशात ओझं व्हावं आणि बाहेर जाताना माणसाने किल्ली काउंटरवर ठेवून जावी, म्हणून मुद्दाम एवढा जड. हुकावर किल्ली असली की खोली रिकामी, नसली की आत माणूस. काका फळीकडे एक नजर टाकून घरात कोण आहे ते सांगत. बिल्ल्यावर हॉटेलचा पत्ता कोरला होता आणि खाली एक ओळ: चुकून नेल्यास कोणत्याही टपालपेटीत टाका, टपालखर्च आम्ही देऊ. एकदा एक शिकारी किल्ली घेऊन गेला आणि ती खरोखरच टपालाने परत आली. काका ती सगळ्यांना दाखवत फिरले. “पाहा,” ते म्हणाले, “इच्याजवळ पत्ता आहे, म्हणून ही घरी आली. मानसाजवळ नसते एखाद्या वेळी. मंग त्यानं कुठं जावं?”

काकू म्हणाल्या, “तुमच्याकडे यावं. अजून कुठं जाते तो?”

गेल्या शरदात एक माणूस दोन रात्री राहिला. त्याने नाश्त्याला खोटं नाव सांगितलं. पोलीस त्याला शोधत होते. तो पुढच्या गावात पकडला गेला, काही अघटित घडलं नाही. पण गावाच्या कौन्सिलने काकांना बोलावलं. प्रत्येक पाहुण्याचं नाव, आयडी आणि फोन नंबर खोली देण्याआधी घ्यायचा, असं त्यांना सांगण्यात आलं. नाहीतर फेब्रुवारीअखेर परवान्याचं नूतनीकरण होणार नव्हतं.

त्या बैठकीला मी काकूंबरोबर मागच्या बाकावर होते. काका म्हणाले, “नाव तुम्हाला मिळतंच. माणूस झोपून उठल्यावर मिळतं.”

गजभिये हे आडनाव गावात कोणाला जमत नसे; अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “मिस्टर जी, उद्या तुमच्याकडे कोणी आजारी पडलं, काही झालं, तर आम्ही कोणाला फोन करायचा?”

हा प्रश्न त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलेला आहे.

परवाना गेला असता तर दोघांना दुसरं ठिकाण नव्हतं. जॉर्जियाचं घर याच इमारतीत गेलं होतं. या वयात कोणी कामावर घेत नव्हतं. काकांनी चोरून अर्ज केले होते, हे मला काकूंनी सांगितलं. त्या हिवाळ्यात बॉयलर सारखा बंद पडत होता. काका दिवसातून अनेकदा तळघरात उतरत आणि हात काळे करून वर येत. दुसऱ्या मजल्याच्या वायरिंगबद्दल इलेक्ट्रिशियनने इशारा दिला होता. ते काम वसंतावर ढकललं गेलं. काकूंच्या पोह्यांत शेंगदाणे कमी झाले. तेवढ्यावरूनही पाहुण्यांसमोर दोघांची जुंपली.

मुलगी सुजाता दूर दक्षिणेत, कॅरी नावाच्या गावात औषधकंपनीत आहे. ती रविवारी फोन करी. काकू फोन स्पीकरवर ठेवत, म्हणून तिचं बोलणं मी ऐकलं आहे.

“बाबा, जस्ट टेक द आयडी. एव्हरीबडी डझ इट.”

“एव्हरीबडी करते, हेच तर सांगून राहिलो ना मी.”

“दॅट वॉज अ हंड्रेड इयर्स अगो, बाबा! इट्स नॉट अबाउट यू!”

“मंग कोणाबद्दल आहे?”

काकूंनी फोन उचलून कानाला लावला. “तू ठेव सुजा. मी बोलते यांच्याशी.”

त्या बोलल्या. मी भांडी पुसत होते. काकू म्हणाल्या, “तुमच्या आज्याला जागा नाही भेटली, आता मलेही नाही भेटणार काय? काही धर्मशाळा नाही ही आपली.”

“तेच तर,” काका म्हणाले. “धर्मशाळा नाहीच न ही.”

“मी या वयात सुजाच्या घरी सोफ्यावर झोपू काय? सांगा न. झोपू?”

काका बॉयलर बघायला खाली गेले. वर आले तेव्हा म्हणाले, “एक तारखेपासून घेतो. आधी नाव, मग किल्ली. तोवर हॉटेल माझं आहे.” काकूंनी त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर कागद अडकवायची नवी पाटी, पेन आणि कोरे कागद येऊन पडले.

पुढची माहिती वेगवेगळ्या लोकांकडून मिळालेली आहे. शुक्रवारी संध्याकाळी व्हॅन आली. बाकीच्या बाया मोटेलवर उतरल्या. एकटी एक मध्यमवयीन बाई, तपकिरी कोट घातलेली, जंक्शन हाऊसमध्ये आली. काकू तेव्हा काउंटरपाशी होत्या. बाईने पर्समधून आयडी काढून पुढे केलं. काकांनी ते हळूच परत तिच्याकडे सरकवलं आणि नऊ नंबरची किल्ली त्यावर ठेवली. “उद्या,” ते म्हणाले. “नाश्त्याला.” बाई हसली, असं काकूंना आठवतं.

शनिवारी सकाळी बर्फाचा अंदाज होता म्हणून व्हॅन लवकर आली. काका तळघरात बॉयलरपाशी होते. काकू मागच्या अंगाला होत्या. बाई नाश्त्याला आली नाही. ती झोपली असेल, भेटीची वेळ दुपारची असेल, असं काकांनी गृहीत धरलं. तिचे पोहे झाकून ठेवले. किल्ली हुकावर नव्हती.

थोड्या वेळाने मी काकूंना घ्यायला गेले. आम्ही महिन्यातून एकदा स्टेट कॉलेजच्या इंडियन दुकानात जात असू. काका ओसरीवरचं बर्फ ओढत होते. त्यांनी विचारलं, “काय जी पत्रकारबाई, आज कोणाची बातमी?” मी म्हटलं, “आज शेंगदाण्यांची.” ते हसले. काकूंना म्हणाले, “जास्त आणशील. एक तारखेपासून आपण इज्जतदार हॉटेलवाले.” त्यांच्याशी झालेलं माझं हे शेवटचं बोलणं.

आग दुपारी लागली. ती स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून वर चढली. कारण अहवालात निश्चित म्हणून दिलेलं नाही. हॉटेलात तेव्हा पाइपलाइनवरचे दोन कामगार रात्रपाळी करून झोपले होते. काकांनी त्यांना उठवून बाहेर काढलं, आणि येताना किल्ल्यांची फळीच भिंतीवरून उपसून आणली. समोरच्या दुकानातला न्हावी बाहेर आला, तेव्हा काका रस्त्यावर बर्फात फळी घेऊन उभे होते आणि एकाच हुकाकडे पाहत होते.

गावाचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. त्यांचा प्रमुख लवकर पोचला. त्याने सांगितलेलं संभाषण असं:

“आत कोण आहे?”

“नऊ नंबर. एक बाई.”

“नाव? फोन नंबर?”

“माहीत नाही.”

“ती आत आहे हे नक्की?”

“किल्ली नाही.”

शेजारच्या गावातून शिडीची गाडी निघाली होती. तोवर कोणीही आत जायचं नाही, असं प्रमुखाने बजावलं आणि तो पाण्याच्या नळीकडे वळला. न्हावी काकांजवळच होता. काका खिडकीकडे पाहून “नाइन! नाइन!” असं ओरडत होते. मग ते न्हाव्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “मी तिला हाक काय मारू?” हे ते पुन्हापुन्हा म्हणाले, असं न्हाव्याने सांगितलं. त्यांनी फळी त्याच्या हातात दिली आणि ते पुढच्या दाराने आत गेले. जिन्यावरून त्यांचा आवाज काही वेळ येत होता.

त्यानंतर मागच्या बाजूचं छत नऊ नंबरच्या खोलीसकट स्वयंपाकघरात कोसळलं.

आम्ही दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो तेव्हा काकूंचा फोन वाजला. परत येताना रस्ताभर काकू एकच वाक्य बोलल्या. “ती देत होती,” त्या म्हणाल्या. “ती देत होती नाव. यांनीच नको म्हटलं.”

काका दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी सापडले. धुराने गुदमरून मृत्यू, असं नोंदलं गेलं. बाईचा पत्ता लागला नाही. भिंती कधीही कोसळतील अशा होत्या, म्हणून तळघरातला ढिगारा उपसायचं थांबवलं होतं. व्हॅनवाल्याने फिलाडेल्फियाहून निघताना डोकी मोजली होती, नावं घेतली नव्हती; परतताना बर्फाच्या घाईत मोजलंही नव्हतं. आणि ती बाई परतीच्या व्हॅनमध्ये होती का, हे त्याला खात्रीने सांगता येईना. कारागृहाकडे पोलिसांनी भेटीला आलेल्यांची नावं मागितली. त्यावर उत्तर आलेलं नव्हतं. अहवालात एक पाहुणी बेपत्ता, नाव अज्ञात, असं लिहिलं गेलं.

अंत्यसंस्कार स्टेट कॉलेजला झाला. सुजाता आली, अल्फारेटाहून जुने मित्र आले. त्रिशरण, पंचशील झालं. न्हावी आला होता. फळी त्याने चादरीत गुंडाळून आणली होती. ती काकूंच्या हाती देताना तो म्हणाला की ती त्याला दुकानात ठेवता येईना. लोक जेवत असताना काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ती आत होती काय गं? तू तर पत्रकार आहेस. तुला काय वाटते?”

मी सांगितलं की मला माहीत नाही.

काकू सुजाताबरोबर कॅरीला गेल्या. फळीही बरोबर गेली. त्या दर आठवड्याला गावच्या पोलिसांना फोन करून हाच प्रश्न विचारत. तिकडचे अधिकारी त्यांना आवाजावरून ओळखू लागले. हॉलमधल्या सोफ्यावर त्या झोपतात, असं सुजाताने मला कळवलं. खोली आहे, पण त्या तिथे झोपत नाहीत.

एप्रिलमध्ये जंक्शन हाऊसच्या पत्त्यावर आलेलं एक जाड पाकीट पोस्टाने कॅरीला पुढे पाठवलं. पाकिटात नऊ नंबरची किल्ली होती. डाव्या कोपऱ्यात पाठवणारीचं पूर्ण नाव होतं आणि खाली फिलाडेल्फियाचा पत्ता. काकूंनी ते नाव पोलिसांना फोनवर वाचून दाखवलं.

अधिकाऱ्याने त्याच दिवशी त्या बाईला गाठलं. व्हॅन लवकर आल्यामुळे घाईत किल्ली कोटाच्या खिशात राहिली, आणि हिवाळा संपल्यावर कोट आवरताना सापडली, असं तिने सांगितलं. आगीबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं. अधिकाऱ्याने तिला ते सांगितलं. तिने काउंटरवरच्या त्या माणसाचं नाव विचारलं. अधिकाऱ्याने ते स्पेलिंगसकट सांगितलं.